वाचकांचे प्रश्न: हळदीतलं शिसं, द्राक्षातलं औषध आणि लॅबचा कागद

मागच्या महिन्यात आपण म्हटलं होतं की खाण्याच्या वस्तू लॅबमध्ये तपासून घेण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा. पत्रं भरपूर आली, त्यातली पाच घेतलीत. मी स्वतः बरीच वर्षं अन्न तपासणीच्या लॅबमध्ये काढलीत त्यामुळे जे खात्रीचं आहे तेवढंच सांगते.

विश्रामबाग, सांगलीहून एक आजी लिहितात: ताई, आम्ही दरवर्षी हळकुंडं घेऊन डंकीवर कांडून आणतो, यंदा लग्नाच्या गडबडीत सुटी पावडर आणली. रंग एकदम पिवळाधमक. मोबाईलवर बघून पाण्यात टाकून बघितली तर पाणी पिवळं झालं. घरात दीड वर्षाची नात आहे, तिला दुधातून रोज चिमूटभर देतो. जीव घाबरला म्हणून लॅबला दिली, रिपोर्टमध्ये कर्क्युमिन ३.१ टक्के आलंय, चांगली आहे म्हणाले. मग आता वापरू ना?

आजी, आधी एक करा, नातीला ती हळद द्यायची थांबवा. हळद वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तुमच्या रिपोर्टने तुमच्या भीतीचं उत्तरच दिलेलं नाही. कर्क्युमिन म्हणजे हळदीचा स्वतःचा रंग, ते आपल्या नियमाप्रमाणे पावडरीत निदान २ टक्के लागतं, तुमच्यात ३.१ आहे म्हणजे हळद म्हणून ती कसदार आहे. पण तुम्हाला भीती होती भेसळीची, आणि कर्क्युमिन मोजणाऱ्या तपासणीला शिसं दिसतच नाही. लॅबने खोटं सांगितलं नाही, फॉर्मवर जे लिहिलं होतं तेवढंच तपासलं. हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता सगळ्यांना आधी हेच विचारते, बाबा, तुला नक्की काय जाणून घ्यायचंय?

हळदीत सगळ्यात घातक भेसळ म्हणजे लेड क्रोमेट. हा रंगकामातला पिवळा रंग, त्यात शिसं असतं. फिकट पडलेल्या हळकुंडाला पॉलिश करताना हा लावला की माल सोन्यासारखा दिसतो. चव बदलत नाही, वास येत नाही. आणि शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, त्याचं अमुक प्रमाण मुलांना सुरक्षित असं कुठलंच ठरलेलं नाही, म्हणून मी नातीचं आधी लिहिलं. आपल्याकडे हळदीत शिशाची मर्यादा किलोला १० मिलीग्रॅम आहे आणि लेड क्रोमेट तर अजिबातच चालत नाही.

पाण्याच्या प्रयोगाचं म्हणाल तर चांगली हळदसुद्धा पाणी थोडं पिवळं करते. पावडर तळाला बसल्यावर वरचं पाणी फिकट राहिलं तर ठीक, गडद पिवळंच राहिलं तर संशय घ्यायचा, एवढाच त्याचा उपयोग. थोडं थोडं मिसळलेलं शिसं पाण्याच्या ग्लासात सापडत नाही. त्यासाठी लॅबमध्ये अर्धा ग्रॅमच्या आसपास हळद नायट्रिक ॲसिडमध्ये पूर्ण विरघळवतात आणि आयसीपी-एमएस नावाच्या मशीनवर शिसं मोजतात. अर्धा ग्रॅम म्हणजे चिमूटभरच की, म्हणून पूर्ण पिशवी नीट ढवळून, वर-खाली करून मगच नमुना काढायचा, नाहीतर वरची चिमूट चांगली आणि तळातली वाईट असंही होतं. पाव किलो द्या आणि फॉर्मवर स्वतःच्या हाताने लिहा: शिसं आणि लेड क्रोमेट.

हा रंग लावायचा मोह कुठून येतो ते पण सांगते कारण आपल्या सांगलीकरांना ते लगेच कळेल. बांगलादेशात १९८० च्या दशकातल्या पुरांत हळद भिजली, काळपट पडली, भाव मिळेना, म्हणून तिथे रंग लावायला सुरुवात झाली असं संशोधकांना शेतकऱ्यांनी-व्यापाऱ्यांनीच सांगितलं. २०१९ मध्ये बाजारातल्या नमुन्यांपैकी ४७ टक्क्यांत शिसं निघालं. मग सरकारने धाडी टाकल्या, दंड केला, लोकांना समजावलं, आणि २०२१ ला तो आकडा शून्यावर आला. म्हणजे तपासणी आणि कारवाई मनापासून झाली तर दोन वर्षांत फरक पडतो! आपल्याकडेही २००५ च्या पुरात हरिपूरच्या पेवांत, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या खड्ड्यांत, पाणी शिरून किती हळद गेली ते जुन्या लोकांना विचारा. म्हणून मी सांगलीच्या हळदीवर बोट ठेवतेय असं कुणी समजू नका, २०१८ पासून तिला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि त्या नावाची मला काळजी आहे म्हणूनच लिहितेय. पुढच्या वर्षी मात्र आजी, तुमचंच जुनं बरं, हळकुंडं बघून घ्या, फार चकचकीत नको, आणि समोर कांडून घ्या.

तासगाव तालुक्यातून एक द्राक्ष बागायतदार: ताई, एकाच बागेचा माल दोन लॅबला दिला. एकाच औषधाचा अंश एकीकडे ०.०१३ आला, दुसरीकडे ०.००८. युरोपची लिमिट ०.०१. एक म्हणते फेल, एक म्हणते पास. यातली खोटी कोण?

दादा, दोन्ही खऱ्या असू शकतात. आधी हा आकडा केवढा आहे ते डोळ्यापुढे आणा. किलोला ०.०१ मिलीग्रॅम म्हणजे दहा टनी दहा हजार ट्रक द्राक्षं भरली आणि त्या सगळ्यांत मिळून एक किलो औषध. एवढं बारीक मोजताना थोडं मागं-पुढं होणारच, युरोपातल्या लॅबसुद्धा औषधांच्या अंशात पन्नास टक्के मागंपुढं धरून चालतात. त्या हिशोबाने तुमचा ०.०१३ म्हणजे साधारण ०.००७ ते ०.०२ आणि ०.००८ म्हणजे ०.००४ ते ०.०१२. बघा, दोन्ही एकमेकांत मिसळतात.

पण माझा अनुभव असा की मशीनच्या आधी नमुन्यात फरक पडतो. ट्रॅक्टर वळताना ओळीच्या टोकाला फवारा दोनदा बसतो, पानाआडच्या घडावर कमी, उघड्यावर जास्त. एकाने टोकाचे घड दिले आणि दुसऱ्याने मधले तर आकडे वेगळे येणारच. पूर्ण बाग फिरून, वरून-खालून, कडेचे-मधले असे घड घ्या, आणि एकाच नमुन्याचे दोन भाग करून दोन लॅबला द्या, मग तुलना. तुमच्या बाबतीत मात्र मी माल लगेच युरोपला पाठवणार नाही. लिमिटच्या इतकं काठावर असताना थोडे दिवस थांबून परत तपासलेलं परवडतं, तिकडून परत आलेला कंटेनर परवडत नाही.

रिपोर्टवर बीएलक्यू लिहिलेलं असतं त्याचा अर्थ औषध नाहीच असा घेऊ नका, मोजता येईल त्याच्या खाली आहे एवढाच.

आणि २०१० आठवतंय का? त्या वर्षी आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट क्लोराईडमुळे, आपण ज्याला लिहोसिन म्हणतो ते. छाटणीनंतर शेंडा आटोक्यात ठेवायला वापरलेलं, लपवून काही केलेलं नव्हतं. पण इथल्या तपासणीच्या यादीत ते नावच नव्हतं, त्यामुळे इथले सगळे रिपोर्ट स्वच्छ आणि तिकडे गेल्यावर माल फेल. शेतकऱ्यांचं किती नुकसान झालं ते तुमच्या तालुक्याला मी सांगायला नको. म्हणून फवारणीची वही लॅबला दाखवा, छाटणीपासूनचं सगळं, टॉनिक म्हणून कुणी दिलेली बिनलेबलची बाटलीसुद्धा. यादीत नसलेलं औषध मशीन आपण होऊन शोधत नाही.

कराडहून, दोन गाई असलेल्या एक ताई: दूध चांगलं उकळलं की त्यातलं सगळं वाईट मरतं ना?

जंतू मरतात, पण सगळं नाही जात. पेंड, मका किंवा भुसा भिजून बुरशी आली आणि ती जनावराने खाल्ली की बुरशीचं विष दुधात उतरतं, त्याला अफ्लाटॉक्सिन एम१ म्हणतात. ते उकळून जात नाही, पाश्चराईज करूनही नाही. मर्यादा किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. दगडी, म्हणजे कास सुजायचा आजार, झाल्यावर दिलेल्या अँटिबायोटिकचंही तसंच आहे, डॉक्टर जितके दिवस दूध डेअरीला घालू नका सांगतात तितके दिवस खरंच घालू नका, दोन लिटरसाठी पूर्ण कॅनमध्ये ते मिसळतं. डेअरीवर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ, बघतात त्यावरून भाव ठरतो, गाईच्या दुधाला नियमाने ३.२ आणि ८.३ लागतं, पण त्या मशीनला बुरशीचं विष कळत नाही. पोत्यातली पेंड जमिनीवर ठेवू नका, खाली फळ्या टाका, आणि ढेकूळ धरलेली पेंड वाया गेली तरी चालेल पण घालू नका. एवढं केलं तरी खूप झालं.

वाईजवळच्या एका बचत गटाकडून: आम्ही स्ट्रॉबेरी जॅम करतो. सगळ्या टेस्ट करा म्हटलं तर लॅबने फार मोठा खर्च सांगितला. कमीत कमी काय करू?

सगळ्या टेस्ट असं कधीच म्हणू नका, खर्च वाढतो आणि उपयोग होत नाही. तुमच्या जॅमला नियम काय म्हणतो ते बघा: विरघळलेला घटक, म्हणजे ब्रिक्स, ६५ च्या खाली नको आणि फळ निदान २५ टक्के हवं, बाकीच्या बऱ्याच फळांना ४५ लागतं पण स्ट्रॉबेरीला सूट आहे. ब्रिक्स मोजायचा हातातला रिफ्रॅक्टोमीटर एकदा विकत घ्या आणि प्रत्येक घाण्याला बघा, ते लॅबला देऊ नका. लॅबकडून यीस्ट-बुरशी, घातलेलं प्रिझर्व्हेटिव्ह आणि रंग एवढं करून घ्या. सहा महिने टिकतो असं लेबलवर लिहायचं असेल तर त्याच बॅचच्या बाटल्या ठेवून ठरावीक महिन्यांनी तपासा, शेजारच्या गटाने सहा लिहिलं म्हणून आपण लिहायचं नाही. लॅब घेताना एनएबीएलची, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता आहे का विचारा आणि तिथेच थांबू नका, ती मान्यता एकेका टेस्टला मिळते, पूर्ण इमारतीला मिळत नाही. तुमची टेस्ट त्यांच्या यादीत आहे का ते बघा.

विट्याहून एक वाचक: दुकानातून आणलेलं तेल खराब वाटतं. मी स्वतः तपासून दुकानदारावर केस करू शकतो का?

तुम्ही घरून बाटली नेऊन केलेला रिपोर्ट तुमच्या माहितीसाठी चांगला, पण उद्या दुकानदार म्हणेल ही बाटली माझी नाहीच. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यात कलम ४० आहे, त्यात साध्या गिऱ्हाईकालाही फी भरून फूड ॲनालिस्टकडून, म्हणजे कायद्याने नेमलेल्या अन्न तपासनिसाकडून, तपासून घेता येतं, फक्त घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं की मी हे तपासायला देणार आहे. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. तोंडावर सांगायला अवघड वाटत असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री नंबरवर तक्रार करा. अन्न सुरक्षा अधिकारी येऊन नमुना घेतो तेव्हा त्याचे चार भाग करून सील करतात, एक ॲनालिस्टकडे जातो आणि बाकीचे पुढे वाद झाला तर उपयोगी पडावेत म्हणून राखून ठेवतात. ॲनालिस्टला १४ दिवसांत रिपोर्ट द्यायचा असतो. तोपर्यंत बाटली फेकू नका, बिल जपून ठेवा आणि लेबलवरचा बॅच नंबर आजच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तेल लागून तो पुसला जातो.