जिन्याखाली की गॅलरीत?

प्रश्न : धिंगरी अळिंबीच्या (ऑयस्टर मशरूमच्या) चार पिशव्या घरी लावायच्या आहेत. जिन्याखाली बंद, अंधारी खोली आहे. अळिंबीला अंधार लागतो, म्हणून नवरा तिथेच ठेवू म्हणतो. सासूबाई म्हणतात, गॅलरीत टांग. गॅलरी पश्चिमेला आहे. नक्की कुठे ठेवू? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, जिन्याखालची खोली वापरा, पण पहिले 15-20 दिवसच. बियाणं भरल्यापासून पिशवीतलं काड (पेंढा) बुरशीच्या धाग्यांनी पांढरंशुभ्र होईपर्यंत अंधार चालतो. पिशवी कापली की मात्र अळिंबीला हवा हवी आणि उजेडही.

मी पहिल्या वर्षी हीच चूक केली. कोठीच्या खोलीत पिशव्या टांगल्या आणि दार ओढून घेतलं. अळिंबी आली ती बोटभर लांब देठांची, टोकाला छत्री जेमतेम वाटाण्याएवढी. तिनेच सोडलेला कार्बन डायऑक्साइड कोंडून राहिला होता. काढणी करून त्याच पिशव्या न्हाणीघराबाहेरच्या बोळात, उत्तरेच्या खिडकीजवळ आणल्या. दुसऱ्या बहराला तळहाताएवढे शिंपले उघडले! तेव्हापासून मी आधी खिडकी बघते.

पश्चिमेची गॅलरी नकोच. दुपारचं ऊन आणि वारा लागला की टाचणीच्या डोक्याएवढे कोंब तपकिरी पडून वाळतात, ते पुन्हा वाढत नाहीत.

तुमच्याकडे असा बोळ किंवा मागची पडवी असेलच. तिथे सकाळी ओलं गोणपाट टांगा आणि दुपारी तीनला हात लावून बघा. कडकडीत वाळलं असेल तर जागा फार कोरडी. दिवसातून दोन-तीनदा फवारा मारायची तयारी ठेवा. अळिंबीला 80-85 टक्के आर्द्रता लागते. शेजारी साधा तापमापक लावा. भर दुपारी पारा 30 च्या खाली हवा, 20 ते 28 असेल तर उत्तम. दिवा न लावता पेपर वाचता आला, की उजेड पुरेसा. साताऱ्यातही एप्रिल-मे कठीण जातात, पाऊस स्थिरावला की सुरुवात करा.

झोपायच्या खोलीत मात्र एकही पिशवी ठेवू नका, हे कळकळीने सांगते. छत्री पूर्ण पसरली की बारीक पांढरी पूड उडते. त्याने खोकला लागतो, दम्याच्या माणसाला जास्तच त्रास होतो. सासूबाईंना दमा असेल तर त्यांच्या खोलीपासून लांबची जागा निवडा, आणि छत्रीची कड वर वळण्याआधीच काढणी करा.

ओल्या कचऱ्याच्या डब्याजवळही नको, चिलटं आधी पिशवीवरच येतात. भरलेली पिशवी चार-पाच किलोंची असते, तेव्हा हूक मजबूत बघा. आणि भिंतीपासून वीतभर लांब टांगा, नाहीतर रोजच्या फवाऱ्याने रंगाचे पोपडे निघतील.