सांगलीत हार्मोनची गोळी मिळेना, एक दिवसाआड घेऊन पुरवू का?

ताई, गर्भाशयाची पिशवी आणि दोन्ही ओव्हरी (अंडाशय) काढल्यावर लागू केलेली २ मिलिग्रॅमची गोळी मिळत नाही, उरलेली स्ट्रिप एक दिवसाआड घेऊन पुरवू का, असं तुम्ही विचारलंय. मनाने तसं करू नका. माझंही ऑपरेशन चाळिशीत झालंय, गोळीही तीच. खाडा पडला की वाफा आणि रात्रीचा घाम परत सुरू होतात, ते दिसतं तरी. पण ओव्हरी लवकर काढलेल्या बाईला ही गोळी हाडांसाठीही असते, आणि हाडं काही ओरडून सांगत नाहीत.

काउंटरवर ब्रँडचं नाव घेतलं की पोरगा कॉम्प्युटरवर बघून "वरूनच माल नाही" म्हणतो आणि मोकळा होतो. तिथून हलू नका. स्ट्रिपच्या मागचा कंटेंट दाखवा, 'इस्ट्राडायॉल व्हॅलरेट' (म्हणजे आपलं इस्ट्रोजेन हार्मोन), आणि विचारा की यात दुसऱ्या कंपनीची आहे का, १ मिलिग्रॅमची आहे का. माझ्या वेळी २ ची कुठेच नव्हती आणि १ ची मात्र त्याच दुकानात खणात पडून होती. तिथूनच डॉक्टरांना फोटो पाठवला, त्यांनी २ च्या एका गोळीऐवजी १ च्या दोन घ्यायची नवी चिठ्ठी दिली. गल्लीतल्या मेडिकलपेक्षा स्त्रीरोगतज्ज्ञांच्या हॉस्पिटलखालच्या मेडिकलमध्ये आधी विचारा. मिरजेत तर अशी कितीतरी आहेत.

जेलही येतं, पण त्याच्या डोसाचा आकडा गोळीशी जुळत नाही, तो डॉक्टरांनीच ठरवायचा. आणि "ही पण हार्मोनचीच आहे" म्हणून कुणी गर्भनिरोधक गोळी पुढे केली तर घेऊ नका, ते औषध वेगळं. (शतावरी सुचवणाऱ्या शेजारणी मलाही भेटल्या. चहा पाजून वाटेला लावायच्या.)

हे वाचणाऱ्या ज्या कुणाची पिशवी शाबूत आहे, तिचा प्रश्न उलटा असतो. तिला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोनही दिलेलं असतं. ते मिळत नाही म्हणून नुसतं इस्ट्रोजेन चालू ठेवायचं नाही. पिशवीचं आतलं अस्तर वाढत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन.

मिळाली की सहा महिन्यांची उचलू नका. ब्रिटनमध्ये २०२२ साली तुटवडा इतका झाला की काही हार्मोन औषधं एका वेळी तीन महिन्यांपेक्षा जास्त द्यायची नाहीत, असं सरकारलाच ठरवावं लागलं. आपल्याकडे महिनाभराची जादा ठेवली तरी बास. फक्त पावसाळ्याआधी ती घरात असू द्या. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बाजारपेठच पाण्यात होती. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांकडे निघाली की सगळ्यांची धावपळ दूध-भाजीकडे असते, आपण आधी गोळ्या मोजायच्या.