निस्तार हक्क म्हणजे निकाली निघालेला हक्क? नव्हे हो!

प्रश्न असा आहे: 'सामूहिक वनहक्काच्या दाव्याचा नमुना भरताना हक्कांच्या यादीत पहिल्याच ओळीत "निस्तार" शब्द भेटला. बातम्यांत "दाव्यांचे निस्तारण" वाचतो. मग निस्तार हक्क म्हणजे निकाली काढलेला हक्क का?'

नाही. गावाने घरच्या गरजेपुरतं सरपण, चारा, लाकूड जंगलातून आणि पडीक जमिनीतून घ्यायचं, तो निस्तार हक्क. आणि ते 'निस्तारण' आधी बाजूला ठेवा. हिंदी वर्तमानपत्रांतून ते उचलायचं आणि मराठी बातमीत तसंच चिकटवायचं, हा उद्योग मी गेली कित्येक वर्षं बघतोय. तिकडे कचऱ्याचं निस्तारण होतं, तक्रारींचं होतं; होऊ द्या. आपल्याकडे निपटारा आहे, निकाल आहे, निवाडा आहे. यातलं काही पुरत नसेल तर बातमी पुन्हा लिहावी.

मोक्ष, उद्धार, भवसागर हे अर्थ कोणत्याही कोशात सापडतील, त्यात वेळ घालवत नाही. मजा आहे ती घरातल्या क्रियापदात. 'घोळ तू घातलास, आता तूच निस्तर' हे ऐकल्याशिवाय कुणाचं मराठी बालपण सरत नाही. तोच हा शब्द. मूळ धातू तॄ, म्हणजे पार जाणे. त्यातून तरणे, तारू, अवतार आणि उतरणे. उतरणेवरून उतारा. म्हणजे तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा आणि गावाचा निस्तार ही एकाच धातूची दोन भावंडं! एकाच्या वाट्याला खातेदाराचं नाव आलं, दुसऱ्याच्या वाट्याला अख्खं गाव. महसूल खात्याच्या एकाच कपाटात दोघं शेजारी पडून असतात आणि कुणी ओळख करून देत नाही.

आता माझा लाडका तर्क. निस्तार म्हणजे वर्ष तरून जाणं. एका धानापासून पुढच्या धानापर्यंत घर चालायला जे लागतं आणि ज्याला पैसा मोजायचा नसतो, ते सगळं निस्तारात येतं. सरपण, घराला बल्ल्या (लाकडी खांब), कुंपणाला काट्या, औताला लाकूड, बांबू, गुरांना चराई, अंगणात टाकायला मुरूम, भिंतीला माती. जुन्या मध्य प्रांतात, विशेषतः आजच्या पूर्व विदर्भात आणि छत्तीसगडात, हा शब्द इतका रुळला की छत्तीसगडी गावात 'निस्तारी तलाव' असतो: अंघोळ, धुणं, गुरं, सगळ्यांना मोकळा. तिथे मोक्षाचा काय संबंध? रोजचा दिवस पार पाडायचा, एवढाच.

ही निव्वळ कोशकारी नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, 1966 उघडा. कलम 161 मध्ये निस्तारपत्रक आहे, 165 मध्ये वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या रूढींची नोंद. पडीक जमिनीवर कुणाची गुरं चरतील, सरपण कुठून न्यायचं, मुरूम-रेती-दगड कसे काढायचे, हे गावागणिक लिहून ठेवायचा कागद म्हणजे निस्तारपत्रक. पुढे 2006 चा वनहक्क कायदा इंग्रजीत लिहिला गेला, तेव्हा मसुदा करणाऱ्यांनाही पर्यायी शब्द मिळाला नाही. कलम 3(1)(ख) मध्ये 'निस्तार' तसाच बसला आहे, 'कोणत्याही नावाने ओळखला जात असला तरी' अशी जोड घेऊन. संस्थानांतले आणि जमीनदारीतले हक्कही त्यातच धरले आहेत.

इथे वनखात्याच्या परिभाषेशी माझं भांडण आहे. निस्तार म्हणजे 'सवलत', असं तिथले जाणकार ठासून सांगतात. का, तर जंगल राखीव आणि संरक्षित झाल्यावर गावाला लाकूड-बांबू डेपोतून सवलतीच्या दरात मिळू लागला. म्हणजे आधी हक्क आकसवायचा आणि मग आकसलेल्या मापावरून अर्थ ठरवायचा! धन्य ती व्युत्पत्ती. डेपोची पाटी हा शब्दाचा उगम नसतो. शंका असेल तर कायद्याचं नाव वाचा, त्यात 'वनहक्कांची मान्यता' आहे. 'वाटप' नाही. तरी दर समारंभाला 'वनपट्टे वाटप' असा फलक लागतोच, वह्या-दप्तरं वाटावीत तसा. जे आधीपासून होतं ते मान्य करतात, वाटत नाहीत.

एक घोटाळा मात्र वनहक्कवाल्या कार्यकर्त्यांचाही आहे. ते बांबूच्या विक्रीलाही निस्तार म्हणतात. विक्री निस्तारात बसत नाही, ती त्याच कलमाच्या पुढच्या खंडात आहे: गौण वनोपजाची (इमारती लाकूड सोडून जंगलातल्या इतर उत्पन्नाची) मालकी, गोळा करणं, वापरणं आणि 'विल्हेवाट लावणं'. हा शब्दही एकदा झटकायला हवा. विल्हेस लावणं म्हणजे पूर्वी नीट मार्गी लावणं. आज कानाला त्यात फक्त केरकचरा ऐकू येतो. 2012 च्या सुधारित नियमांनी तर स्पष्टच केलंय की त्यात प्रक्रिया, वाहतूक आणि विक्री सगळं येतं. मग सरळ 'विकण्याचा हक्क' लिहा ना!

शब्द ढिला राहिला की पैसा अडतो. 1927 च्या वन कायद्यात बांबू 'झाडा'च्या व्याख्येत होता. 2006 च्या कायद्याने त्याला गौण वनोपजात घातलं. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. 'मावा नाटे मावा राज' (आमच्या गावात आमचं राज्य) म्हणणारं हेच गाव. हक्काचा कागद हातात होता, पण बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि त्याचं पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. एप्रिल 2011 मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले, तेव्हा ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. ज्याला कागदोपत्री 'गौण' म्हणतात त्यावर गावाची मजुरी आणि ग्रामनिधी उभा राहतो. 'गौण' हे विशेषण कुणी लावलं यावर वेगळं लिहीन, आज रक्तदाब वाढवत नाही.

तुमचा प्रश्न नमुन्याचा होता, नाही का? त्या ओळीत 'लागू नाही' लिहू नका. सरपण, चराई, घरबांधणीचं लाकूड, जे काही गाव वर्षानुवर्षं जंगलातून नेतं ते एकेक करून लिहा. विदर्भातलं गाव असेल तर तहसीलमधून जुन्या निस्तारपत्रकाची नक्कल मागा, ती पुरावा म्हणून जोडता येते. विक्रीचं खालच्या ओळीत. आणि कृपा करून 'निःस्तार' लिहू नका. विसर्गाचा स झालेलाच आहे, पुन्हा दोन टिंबं कशाला?