८ सप्टेंबरला ख्रिश्चन शेजाऱ्यांकडे भाताच्या लोंब्या का आणतात?
तो येशूच्या आईचा, मारियामातेचा जन्मदिवस. ८ डिसेंबरला मारिया स्वतः तिच्या आईच्या पोटी राहिली त्याचा सण, त्यानंतर बरोबर नऊ महिन्यांनी हा. बेळगाव-खानापूर भागात कोकणी बोलणारी कॅथलिक घरं आहेत. त्यातल्या मूळच्या मंगळूरकडच्यांचा हा खास घरचा सण. आधीचे नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची खास प्रार्थना; मुलं रोज मारियेला फुलं वाहतात. सणादिवशी चर्चमध्ये आशीर्वाद दिलेल्या नव्या भाताच्या लोंब्या घरी येतात. प्रार्थना झाली की दाणे सोलून, कुटून दुधात किंवा खिरीत घालतात आणि घरातलं वडीलधारं माणूस ते सगळ्यांना देतं. जेवण शाकाहारी, भाज्या विषम संख्येत. परगावच्या मुलांना पाकिटातून दाणे पाठवायची रीत तर मला फारच आवडते. आपलं नवान्नच की हे! बोलावलं असेल तर नक्की जा, फुलं घेऊन जा.