टाचदुखीसाठी व्हिडिओवर डॉक्टरांना दाखवून उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीत राहता, सकाळी पलंगावरून उतरताना टाच टेकवत नाही, आणि व्हिडिओवर डॉक्टर काय तपासणार ही शंका आहे. उपयोग होतो. मी ठाण्यात शाळेत शिकवते, दिवसभर उभं राहायचं काम. माझी टाच व्हिडिओवरच्या सल्ल्यानेच बरी झाली.

या दुखण्याचं निदान बरंचसं आपल्या सांगण्यावरून होतं. झोपून उठल्यावर पहिली पावलं टाकताना कळ येते, चालल्यावर जरा मोकळं वाटतं, बराच वेळ बसून उठलं की पुन्हा तेच. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो, तो टाचेपाशी दुखावतो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. ‘हाड वाढलंय, एक्स-रे काढ’ असं सगळे सांगतील. पण वाढलेलं हाड टाच अजिबात न दुखणाऱ्यांच्याही एक्स-रेत दिसतं, त्यामुळे सुरुवातीला त्याची सहसा गरज नसते.

कॉलला घरातलं कुणीतरी सोबत घ्या. माझ्या मुलीने फोन जमिनीलगत धरला आणि डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये अनवाणी चालायला लावलं, एकदा पाठमोरं, एकदा समोरून. मग चवड्यांवर उभं राहायला सांगितलं. नंतर एका हाताने पायाची बोटं वर ओढून दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाचेच्या आतल्या बाजूला, पुढच्या कडेला दाबायला सांगितलं. तिथे दाबताच मी ओरडलेच. टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबल्यावर मात्र दुखलं नाही. तसं दुखलं असतं तर हाडाला तडा गेल्याची शंका आली असती, म्हणाले. शेवटी रोजच्या चपला उलट्या करून दाखवायला लावल्या. तुमच्याही हाताशी ठेवा.

उपचाराचा मुख्य भाग घरीच करायचा असतो. सकाळी पाय खाली टेकवण्याआधी एक पाय दुसऱ्यावर ठेवून बोटं नडगीकडे ओढायची, १० सेकंद धरायची, असं १० वेळा. दिवसातून तीनदा. सोबत भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची. फ्रीजमधली गार बाटली तळव्याखाली फिरवली की संध्याकाळी बरं वाटतं. आणि घरातल्या टाइल्सवर अनवाणी चालणं बंद! आमच्याकडे घरात चपला म्हटल्यावर सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग मऊ टाचेचा कोरा जोड फक्त घरासाठी आणला, देवघरापाशी काढून ठेवायचा, आणि प्रश्न मिटला. ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या बायकांना तर याची फार गरज आहे, पण आपल्याकडे हे कुणी सांगत नाही.

गोळ्या लिहून देण्याआधी ॲसिडिटी, किडनीचा त्रास, रक्त पातळ करणारी औषधं, जे असेल ते आपणहून सांगा. २०२०च्या टेलिमेडिसिन नियमांप्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक लागतो, तोही बघून घ्या. पैशांची अडचण असेल तर सरकारची ई-संजीवनी सेवा मोफत आहे. बरं व्हायला मात्र काही महिने लागतात, तेव्हा पंधरवड्यात फरक नाही म्हणून व्यायाम सोडू नका. टाचेत इंजेक्शन घ्यायची घाईही नको. त्याने तो पट्टा तुटण्याचा धोका असतो, आणि ते समोर बसूनच द्यावं लागतं.

पडल्यावर किंवा मार लागल्यावर दुखू लागलं असेल, पायावर भारच देता येत नसेल, टाच लाल होऊन सुजली किंवा ताप आला, तळव्याला मुंग्या किंवा बधिरपणा असेल, रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर कॉलच्या भानगडीत न पडता थेट दवाखाना गाठा. मधुमेह असून पायाला जखम असेल तरी तेच. वय कमी आहे, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही आखडते, असं असेल तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवा.