वाड्यातल्या पणजीच्या तैलचित्राचं वर्णन कसं लिहावं?

पैठणच्या वाड्यातल्या पणजीच्या तैलचित्राखाली लावायला चार ओळी हव्यात, असं तुम्ही विचारलंय. 'राजेशाही रुबाब', 'तेजस्वी डोळे' आधी खोडा, ते कुठल्याही चित्राला चिकटतात. बसलीये की उभी, हात खुर्चीच्या पाठीवर की मांडीवर, नजर आपल्याकडे की बाजूला, एवढं सांगितलं तरी बाई डोळ्यांपुढं येते.

मग लुगडं. पैठणचंच घर, तेव्हा पैठणी असणारच म्हणा! काठ नारळी की मुनिया, पदरावर मोर की वेलबुट्टी, ते बघा. जरीपाशी नाक नेलंत तर सोनं नाहीच तिथं. पिवळ्या मातकट रंगाचे फटकारे आणि वर पांढऱ्याचा एक टिंब. चार पावलं मागं सरका, लखलखतं. हे नक्की लिहा. नथ, ठुशी, तन्मणी नावानिशी घ्या, नुसतं 'दागिने' म्हणून उरकू नका.

आणि सही नसेल तर राजा रविवर्म्याचं (१८४८–१९०६) नाव घुसडू नका. बडोद्याच्या गायकवाडांची चित्रं त्यानं काढली, म्हणून प्रत्येक वाड्यात तो आला होता असं नाही. फोटोवरून चित्रं काढणारेही तेव्हा होतेच.