पाहुण्यासारखा नवरा

पत्र: आम्ही कोल्हापूरचे. हे कोलकाता आणि गोव्याच्या क्लबांकडून अकरा वर्षं फुटबॉल खेळले. गुडघा गेला आणि चौतिसाव्या वर्षी थांबावं लागलं. दोन वर्षं घरीच आहेत. दुपारपर्यंत झोपतात. शाहू स्टेडियमवर मॅच असली की खिडक्या लावून घेतात. दहा वर्षांच्या पोरानं बॉल काढला की ओरडतात. गॅसचं बुकिंग कुठं करतात, हेही ह्यांना ठाऊक नाही. सासूबाई म्हणतात, ह्यांना एखादं दुकान काढून द्या. काय करू?

ताई, दुकानाचं तूर्त राहू द्या. कधी उठायचं, काय खायचं हे ज्याला पोरवयापासून दुसऱ्यांनी ठरवून दिलं, त्याला एकदम गल्ल्यावर बसवून भांडवल बुडवाल.

थिएरी ऑन्रीचं नाव यांना ठाऊक असणारच. फ्रान्सकडून १९९८चा वर्ल्डकप जिंकलेला. निवृत्तीनंतर तो कॅनडात मॉन्ट्रियलला प्रशिक्षक होता. २०२० मध्ये कोरोनामुळे पोरांपासून लांब अडकला आणि जवळजवळ रोज रडायचा, असं त्यानं स्वतःच २०२४ मध्ये सांगितलं. पुढे भेटीला घरी आला, परत निघताना पोरं रडायला लागली, तेव्हा त्यानं बॅगा खाली ठेवल्या. नोकरी सोडली. हे यांना सांगाच, पण जेवताना, सहज. ‘तुम्हालाही तसंच झालंय’ असं मात्र जोडू नका.

तुमच्या पत्रातल्या गॅसच्या ओळीपाशी मी थांबले. अकरा वर्षं घर तुम्ही एकटीनं ओढलंत, शाबासकी तुमचीच. पण यांच्यावाचून चालायची सवय घराला लागलीय. सीझन संपला की चार दिवस येणारा पाहुणा आता कायमचा आलाय, आणि त्याला धड खुर्चीही ठरलेली नाही. तुमची चिडचिडही मला समजते. ती गिळू नका, पोरासमोर काढू नका एवढंच.

दोन वर्षं हे असं चाललंय, म्हणजे डॉक्टर हवाच. गुडघ्याचं निमित्त करा. दुखणारा गुडघा रात्रीची झोपही खातो. झोपेचं तिथंच सांगा. मनाच्या डॉक्टरकडे जायला तयार नसतील तर १४४१६ हा सरकारी टेलि-मानस क्रमांक आहे, फोन फुकट लागतो. आधी तुम्हीच करून बघा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोराला खेळू द्या, पेठेतल्या दुसऱ्या कुणाकडे पाठवा. प्रशिक्षकाचं डी लायसन्स वगैरे गोष्टी यांच्या तोंडून निघेपर्यंत काढू नका.

आणि या वेळचा सिलिंडर यांच्या मोबाइलवरून बुक होऊ द्या. विसरले तर दोन दिवस स्टोव्हवर भागवा.